सभा संपल्यावर लगेच निघू नका

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की सेवा क्लब दर आठवड्याला जगतो, वार्षिक समारंभाला नाही. त्यावर पत्रांचा ढीग आला. काहींना ते पटलं, काहींना झोंबलं. म्हणून या वेळचं सदर क्लबवाल्यांसाठी. मृत्युपत्रं, भाडेकरू आणि भावाभावांची भांडणं पुढच्या महिन्यात. नव्या वाचकांसाठी सांगते : मी बँकेतून निवृत्त झाले, एका रोटरी क्लबची बरीच वर्षं सचिव होते, मग अध्यक्ष झाले आणि आता मागच्या रांगेत बसते. तिथून जास्त दिसतं. पत्रं जागेपुरती कापली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण सगळ्यांना पुढच्या सभेत एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि याच वर्षी क्लबचा सदस्य झालो. दर आठवड्याला सव्वा तास सभा. त्यात घंटा, प्रार्थना, वाढदिवस, मागचं इतिवृत्त, वक्त्याचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचं कौतुक, शेवटी आभार. प्रत्यक्ष कामाचं बोलणं होतं दहा मिनिटं. एवढं तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर उरकेल. महिन्यातून एकच सभा घेऊ या, असं मी सुचवलं तर ज्येष्ठ मंडळी अशी बघायला लागली की मीच गप्प बसलो. माझं काही चुकलं का?

उत्तर : दहा मिनिटांचं तुमचं मोजमाप बरोबर आहे. काही क्लबांत तेवढंही होत नाही. पण तुम्ही घड्याळ लावलंत घंटेपासून. ते पंधरा मिनिटं आधी लावा.

पुढच्या खेपेला लवकर या आणि दाराशी हजेरीचं रजिस्टर असतं त्या टेबलापाशी उभे राहा. आमच्याकडे एकदा तिथे एक मुख्याध्यापिका सही करता करता कुरकुरत होत्या. सातवीतल्या काही मुली फळ्याकडे न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतात, कितीही रागवा, फरक पडत नाही. त्यांच्या मागे खिशात पेन चाचपत उभे असलेले आमचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "मागच्या बाकावरच्या आहेत का?" बाई म्हणाल्या, "पुढे आणून बसवलं तरी तेच." डॉक्टर पेन शोधायचे थांबले. "मग रागावू नका त्यांना. माझ्याकडे पाठवा. नाही तर असं करू, मीच येतो, सगळी शाळा बघून टाकू." छापखानेवाले शेजारीच होते, पालकांना द्यायच्या चिठ्ठ्या त्यांनी अंगावर घेतल्या. शनिवारी सकाळी कुणाची गाडी मोकळी आहे ते तिथल्या तिथे ठरलं. घंटा वाजली तेव्हा सगळा उपक्रम उभा होता. सभेने फक्त मान डोलावली. इतिवृत्तात त्याची एक ओळ आहे, 'नेत्रतपासणीचा प्रस्ताव एकमताने संमत.' ती वाचून तुम्ही म्हणाल, बघा, दोन मिनिटांचं तर काम.

हे ग्रुपवर होत नाही, कारण तिथे माणूस सांगण्याजोगं वाटेल तेवढंच टाकतो. मुली वहीतून उतरवतात हे कुणी टाइप करत बसत नाही. ते सही करता करता तोंडातून निघतं. शिवाय ग्रुपवर हो म्हणायला अंगठा पुरतो. समोरासमोर "शनिवारी सातला येणार ना?" असं विचारलं की चेहरा खरं काय ते सांगतो, आणि तोच चेहरा घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं असतं. क्लबची निम्मी शिस्त या पुढच्या आठवड्याच्या धाकावर चालते.

रोटरीची सुरुवात तरी सेवेने कुठे झाली? २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस हे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघं त्या अभियंत्याच्या कचेरीत जमले. मोठ्या शहरात ओळखीपाळखी व्हाव्यात आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लागावा, इतकाच हेतू. मग पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटू लागले. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं हवीत म्हणून त्यांनी खटपट सुरू केली ती दोनेक वर्षांनी. मधल्या काळात ते काय करत होते? भेटत होते.

लायन्सवाल्यांचंही तेच. १९२५ मध्ये ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर या अंध आणि बहिऱ्या लेखिकेने त्यांना अंधांसाठी काम करण्याची हाक दिली, ते भाषण सगळे सांगतात. मला त्याहून १९३० मधली अमेरिकेतल्याच पिओरिया शहराची गोष्ट आवडते. तिथल्या लायन्स क्लबच्या जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना अडकलेलं पाहिलं. हातातली काठी काळी, रस्ताही काळा, गाडीवाल्यांना ती दिसणार कशी? बोनहॅम यांनी हे क्लबमध्ये येऊन सांगितलं. क्लबने पांढऱ्या रंगवलेल्या काठ्या वाटल्या आणि पांढरी काठी दिसली की वाहनांनी थांबायचं, असा नियम त्याच वर्षी शहराकडून करून घेतला. रस्त्यात पाहिलेली गोष्ट सांगायला एक ठरलेली जागा आणि ठरलेला वार होता, म्हणून ती पुढे गेली.

आता तुमच्या बाजूनेही बोलते, म्हणजे ज्येष्ठ माझ्याकडे बघतील. दर आठवड्याला भेटलंच पाहिजे ही सक्ती आता रोटरीतही नाही. २०१६ पासून महिन्यातून किमान दोन सभा एवढीच अट आहे. क्लबच्या उपक्रमात घालवलेला वेळ हजेरीत धरता येतो. तेव्हा महिन्याला एकच सभा ही काटछाट जरा जास्तच झाली, पण एक आठवडा सभा आणि एक आठवडा प्रत्यक्ष काम, असा प्रस्ताव ठेवून बघा. वाढदिवस सगळे एका दमात घ्या. परिचय चार ओळींचा, आभार एका वाक्याचे. घंटेला मात्र हात लावू नका. काही माजी अध्यक्षांना बोलताना थांबवू शकणारी जगात तेवढी एकच वस्तू आहे.

आणि सभा संपली की लगेच गाडीची किल्ली काढू नका. ज्यांना चारचौघांत बोलायचं धाडस होत नाही ते पार्किंगमध्ये बोलतात.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये वक्ते वेळ पाळत नाहीत. मागच्या महिन्यात एक गृहस्थ वीस मिनिटांसाठी आले आणि तासभर बोलले. पाहुण्यांना थांबवायचं कसं? - कार्यक्रम समिती प्रमुख

उत्तर : बोलावतानाच थांबवायचं. फोनवर "अर्धा-पाऊण तास बोला" म्हणायचं आणि मनात वीस मिनिटं धरायची, हे आपलंच पाप असतं. वेळ लेखी कळवा, प्रश्नोत्तरं त्यात धरून की सोडून हेही कळवा. पहिल्या रांगेत घड्याळाची पाटी घेऊन एक माणूस बसवा, आणि तो कोण ते वक्त्याला आधी दाखवून द्या. आणि हो, वक्ता बोलत असताना मागच्या रांगांत आपल्याच मंडळींच्या कुजबुजी चालतात, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. की तुमच्याकडे चालत नाहीत?

प्रश्न : मॅडम, मी दुसऱ्यांदा सचिव झाले आहे. दर आठवड्याला रात्री बसून दोन पानी इतिवृत्त लिहिते. पुढच्या सभेत अध्यक्ष म्हणतात, "वाचलं असं समजायचं का?" सगळे म्हणतात, "समजा." झालं. कुणी वाचत नसेल तर मी लिहू कशाला?

उत्तर : अगं, माझं अर्धं आयुष्य या 'समजा'मध्ये गेलं. तू पाठवलेला नमुना वाचला. भाषा सुरेख आहे. 'मा. अध्यक्षांनी स्वागत केले, वातावरण उत्साहाचे होते, वृक्षारोपणावर साधकबाधक चर्चा झाली, सर्वांनी सहभागी व्हावे असे ठरले.' मला सांग, यातून कुणाला सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते कळतं? 'सर्वांनी' हा शब्द इतिवृत्तात आला की ते काम मेलं म्हणून समज.

त्याच चर्चेचं दुसरं इतिवृत्त असं होऊ शकतं : 'रोपं ४०. रोपवाटिकेशी बोलणं अमुक यांनी, बुधवारपर्यंत. खड्डे आधीच्या रविवारी. पहिले तीन महिने पाणी कोण घालणार हे ठरलं नाही, पुढच्या सभेत पहिला विषय.' चार ओळी. माणसाचं नाव, वार, आणि जे ठरलं नाही ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आपल्याला ठरलेलं लिहायची सवय असते. पण काम अडतं ते न ठरलेल्यापाशी, आणि तीन सभांनंतर ते मुळात विषयातच नव्हतं असं सगळ्यांचं एकमत होतं.

हे इतिवृत्त रात्री लिहू नकोस, सभेतच लिही, आणि आभार मानायच्या आधी एक मिनिट मागून मोठ्याने वाचून दाखव. नुसती नावं आणि वार. ज्याचं नाव येईल तो झोपेतूनही जागा होतो. "मी हो म्हणालो नव्हतो" असं कुणाला म्हणायचं असेल तर ते तेव्हाच म्हणून घेता येतं. पुढच्या सभेत 'वाचलं असं समजू' विचारायच्या ऐवजी फक्त ते वार पुकारायचे. पहिल्यांदा लोक हसतील, दुसऱ्यांदा दोघंतिघं रुसतील. मग सवय होते.

दोन पानी इतिवृत्ताची हौस असेल तर वार्षिक अहवाल आहेच. तिथे वातावरण उत्साहाचं ठेव.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांनी एका वस्तीत वाचनालय सुरू केलं. त्यांच्यानंतरच्या अध्यक्षांनी शिवणयंत्रं वाटली. आताचे अध्यक्ष जलशुद्धीकरण यंत्रं बसवताहेत. वाचनालयाला कुलूप आहे, शिवणयंत्रं कुठे आहेत कुणाला माहीत नाही. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवी घोषणा, नवी फीत. हे असंच चालायचं का?

उत्तर : हा रोग जुना आहे आणि औषध कडू आहे. रोटरी घ्या, लायन्स घ्या, १ जुलैला पाटी बदलते. त्यात चांगलं हे की कुणी खुर्चीला चिकटत नाही. वाईट हे की प्रत्येकाला बारा महिन्यांत आपलं नाव कुठे तरी कोरून हवं असतं, आणि मागच्याचं काम नीट चालू ठेवल्याबद्दल आजवर कुणाला ढाल मिळालेली मी पाहिली नाही.

पण दरसाल बदलणारी माणसं लांबचं काम करूच शकत नाहीत, असं मात्र नाही. पोलिओ बघा. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समध्ये ६० लाख मुलांना लस देण्याचा प्रकल्प हातात घेतला. १९८५ मध्ये पोलिओप्लस ही जगभरची मोहीम सुरू केली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंच्या जोडीने निर्मूलनाचा उपक्रम उभा राहिला, तेव्हा जगात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण होते. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, आणि २७ मार्च २०१४ ला आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. या सगळ्या काळात रोटरीचा जागतिक अध्यक्षसुद्धा दर १ जुलैला बदलतच होता. पोलिओ कुणाच्या एका वर्षाचा नव्हता, म्हणून टिकला. लसीकरणाच्या दिवशी बूथवर बसून मुलांच्या बोटांना शाई लावणाऱ्याला कोण अध्यक्ष आहे याने काय फरक पडतो? त्याला पुढचा रविवार कधी आहे ते माहीत असलं म्हणजे झालं.

तुमच्या क्लबला मी असं सुचवेन. येत्या कार्यकारिणीत एक ठराव करा : नवा कायमस्वरूपी उपक्रम घ्यायचा असेल तर चालू अध्यक्ष, नियोजित अध्यक्ष आणि त्यानंतर ज्याचं नाव पुढे आहे तो, अशा तिघांच्या सह्या लागतील. सही करणाऱ्याला आपल्या वर्षात त्याचा खर्च आणि माणूसबळ द्यावं लागेल. तिसरी सही मागायला गेलं की निम्म्या घोषणा आपोआप विरतात. उरतील त्या करण्यासारख्या असतील.

आणि नवं काही करायच्या आधी वाचनालयाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा. हे मी रूपकाने म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी किल्ली ज्याच्याकडे असते तो गाव सोडून गेलेला असतो, आणि त्याला फोन करायचं काम कुणाचं हे ठरलेलं नसतं. वस्तीतल्याच कुणा मोठ्या मुलीला किल्ली द्या, आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि क्लबमधला एक माणूस दर आठवड्याला तिथे जाऊन बसू दे. पुस्तकं कमी असली तरी चालतील.

प्रश्न : खजिनदार म्हणून विचारतो. लोकांकडून वर्गणी काढून आरोग्य शिबिर केलं. थोडे पैसे उरले. अध्यक्ष म्हणतात, पदग्रहण समारंभाला वापरू, शेवटी क्लबचेच पैसे आहेत. मी अडून बसलो तर मला 'हिशोबी' म्हणताहेत.

उत्तर : खजिनदाराला हिशोबी म्हणणं ही शिवी कधीपासून झाली? अडूनच बसा. सदस्यांच्या वर्गणीतून क्लब चालतो आणि जनतेच्या पैशातून जनतेचं काम. दोन खाती वेगळी, आणि दुसऱ्यातून पहिल्यात एक रुपयाही येत नाही. लायन्सच्या नियमांत हे स्पष्ट आहे, रोटरीचीही रीत तीच आहे.

अध्यक्षांना एक गोष्ट सांगा. रोटरीच्या सेवाकार्याला पैसा पुरवणारी रोटरी फाउंडेशन आज केवढी मोठी संस्था आहे. १९१७ मध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी अशा निधीची कल्पना मांडली आणि पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. ते तिथल्या अधिवेशनाचे उरलेले पैसे होते. समारंभाचे उरले ते सेवेला गेले. तुमचे अध्यक्ष नेमकं उलटं करायला निघालेत. शिबिराचा हिशोब छापून नोटीस बोर्डावर लावा, शिल्लक रक्कम ठळक अक्षरांत. मग ती समारंभाला वापरू असं सभेत उभं राहून कोण म्हणतं ते बघू.

प्रश्न : मागच्या वर्षी आम्ही एका दिवसात रक्तदानाचा आमचा विक्रम केला. यंदा तो मोडायचा आहे. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन आहे, तोच धरतोय. गर्दी जमवायला काही युक्त्या सांगा.

उत्तर : युक्ती सांगते, पण विक्रमाची नाही.

रक्तपेढीत फोन करून एक प्रश्न विचारा : तुम्हाला रक्त कधी कमी पडतं? १४ जूनला पडतं असं कुणी म्हणणार नाही. त्या दिवशी तुमच्यासारखे सगळेच शिबिरं घेतात. तांबड्या पेशी थंड साठवणीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एका दिवशी ढीगभर पिशव्या गोळा केल्या तर त्यातल्या प्लेटलेट्सचं आठवड्याभराने काय होत असेल? तिकडे सुट्ट्यांच्या दिवसांत कॉलेजं ओस पडतात, माणसं बाहेरगावी जातात आणि नातेवाईक एकेका पिशवीसाठी पळत असतात. तेव्हा शिबिराची तारीख कॅलेंडर बघून नव्हे, रक्तपेढीला विचारून ठरवा. जमल्यास एकाऐवजी चार छोटी घ्या. बॅनरवर आकडा लहान दिसेल. दिसू दे.

दुसरं, गेल्या वर्षीच्या दात्यांची यादी तुमच्याकडे आहे का? नावं, फोन, रक्तगट आणि पुन्हा केव्हा देता येईल ती तारीख. नसेल तर विक्रम रक्तपेढीचा झाला, तुमच्या हाती बॅनर राहिला. दर सभेत पाच मिनिटं काढून त्या आठवड्यात ज्यांची तारीख येते त्यांना फोन लावा. सभेतच, रजिस्टरच्या टेबलावर बसून. आमच्या क्लबने हे काम एका अबोल सदस्याला दिलं होतं, जे माइकसमोर थरथर कापायचे. फोनवर ते इतके गोड बोलत की लोक त्यांना नाही म्हणू शकत नसत.

तिसरं, पहिल्यांदा रक्त देणारा पोरगा उठायची घाई करतो, मित्रांना दाखवायला. त्याच्या खाटेशेजारी आपला एक माणूस खुर्ची टाकून बसवा, दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारायला. चक्कर येऊन पडलेला मुलगा पुन्हा शिबिराला येत नाही, आणि त्याचे चार मित्रही येत नाहीत. या खुर्चीतल्या माणसाचा फोटो कधी निघत नाही, म्हणून ती बहुधा रिकामी असते.

प्रश्न : माझे यजमान गेली कित्येक वर्षं क्लबमध्ये आहेत. त्यांचे उपक्रम ते ठरवतात आणि राबते मी. पाहुण्यांची व्यवस्था, पाकिटं भरणं, मुलांच्या रांगा लावणं. समारंभात 'सहचारिणींचेही आभार' मानतात. मला आता आभार नकोत. काय करू?

उत्तर : सदस्यत्वाचा अर्ज मागा. स्वतःच्या नावाने.

बायकांसाठी वेगळी संघटना हवी असेल तर इनर व्हील आहे. मार्गारेट गोल्डिंग यांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू केलेली, आणि तिचं काम फार चांगलं आहे. पण तुम्ही ज्या क्लबसाठी राबताय त्याच क्लबात यायचं असेल तर रस्ता मोकळा आहे, आणि तो फुकट मोकळा झालेला नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतलं, म्हणून रोटरीने त्या क्लबची सनदच काढून घेतली. क्लब गप्प बसला नाही, कोर्टात गेला. मधल्या वर्षांत 'एक्स रोटरी', म्हणजे माजी रोटरी, म्हणवून घेत भेटत राहिला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक त्या क्लबच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. मी सचिवाच्या खुर्चीत बसू शकले ती त्यामुळे.

यजमानांना वाईट वाटेल का? वाटेल थोडं, आठवडाभर. त्यांचा एकट्याचा वार होता तो. मग बसताना त्यांच्या शेजारी बसू नका, दुसऱ्या टोकाला बसा. आणि अर्ज मंजूर झाल्यावर पहिल्या उपक्रमात पाकिटं भरायला हात लावू नका. माइक मागा.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे आहेत, ३६ वर्षं क्लबचे सदस्य. ऐकू कमी येतं, म्हणून सभेला जात नाहीत. आता हजेरी नाही म्हणून नाव कमी होईल या धास्तीने राजीनामा लिहून बसलेत. तीन वेळा लिहिला, तीन वेळा फाडला. त्यांना काय सांगू?

उत्तर : आधी त्यांच्याकडचं पेन काढून घे. लागोपाठ चार सभा चुकल्या तर कार्यकारिणी नाव कमी करण्याचा विचार करू शकते, हे खरं. पण रोटरीच्या घटनेत त्यांच्यासारख्यांसाठीच एक कलम आहे. वय आणि सदस्यत्वाची वर्षं मिळून ८५ किंवा अधिक, सदस्यत्व किमान २० वर्षांचं, आणि सवलत हवी असल्याचं सचिवांना लेखी पत्र. कार्यकारिणीने मंजूर केलं की गैरहजेरी मोजली जात नाही. वडिलांची बेरीज ११५ होते. राजीनाम्याऐवजी ते पत्र लिहायला सांग. सचिवांना हे कलम ठाऊक नसेल तर त्यांना माझ्याकडे पाठव.

पण खरं दुखणं कलमाचं नाही, कानाचं आहे. सभेत पंखा, माइकची शिटी, चार बाजूंनी बोलणं. अशात श्रवणयंत्र लावूनही माणूस एकटा पडतो. क्लबला सांग की त्यांना वक्त्यासमोर, भिंतीकडे पाठ करून बसवा, आणि शेजारी दर सभेला एकच माणूस ठेवा, जो चाललेला विषय कागदावर दोन शब्दांत लिहून सरकवेल. नव्या सदस्यांपैकी कुणी तरी. ३६ वर्षांत कुठला उपक्रम का बंद पडला, कोणत्या देणगीदाराला कसं विचारायचं, कुठल्या शाळेत चावी कुणाकडे असते, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही इतिवृत्तात नाही. तो कागद दोन्ही बाजूंनी भरेल.

आणि सभेला आणताना पंधरा मिनिटं लवकर आण. घंटेच्या आधी, रजिस्टरपाशी, एकेक जण जवळ येऊन बोलतो. तेव्हा त्यांना नक्की ऐकू येईल.